होर्डिंगच्या फुटाला भाव, झोपायच्या फुटाला नाही

गल्लीबोळ (धागाकर्ता)

परवा रात्री अकराच्या सुमारास वांद्र्याहून माहीमला चालत येत होतो. बस गेली होती, आणि रिक्षा कॉजवे ओलांडत नाही हे मुंबईकरांना सांगायला नको. कॉजवेवर ओळीनं होर्डिंगं. त्यातल्या एकावर कुठल्याशा गृहप्रकल्पाचं जोडपं, हातात कॉफीचे कप, समोर समुद्र, आणि वर 'आता आभाळही तुमच्या नावावर'. खाली, त्या होर्डिंगच्या लोखंडी पायाला एका बाईनं मच्छरदाणीची दोरी बांधली होती. आत दोन पोरं झोपलेली. दिव्यांचा झोत त्यांच्या तोंडावर येत होता म्हणून तिनं मच्छरदाणीवर ओढणी टाकली होती.

फोटो काढला नाही. वर महाल खाली माणूस असे फोटो ढिगानं आहेत, त्यांना बक्षिसंही मिळतात. घरी येऊन कागदावर आकडे मांडत बसलो.

पालिका होर्डिंगला जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची परवानगी देते. १६०० चौरस फूट. केंद्राच्या बेघर निवारा योजनेत (२०१३ चं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान) माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. म्हणजे एका होर्डिंगच्या अंगावर ३२ माणसं झोपतील. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १३ मे २०२४ ला वादळात जे कोसळलं ते १२० बाय १२० होतं. त्याच्यावर २८८. त्याच्याखाली १७ गेली.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. ही मोजणी एका रात्रीत झाली, २८ फेब्रुवारीच्या. एका रात्रीत या शहरातले सगळे जिने, फलाट, पाइप आणि पुलाखालच्या जागा बघून झाल्या यावर ज्याचा विश्वास बसेल त्याला माझा नमस्कार. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये घालून दिलेलं माप असं, की दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. १ कोटी २४ लाखांच्या शहराला १२४ निवारे. आपण त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही. पोचलो असतो तरी जागा १२,४०० जणांचीच झाली असती.

जाहिरातींवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकवाली पोरगी साठच्या दशकापासून या शहराच्या चौकात उभी आहे आणि बऱ्याचदा अग्रलेखापेक्षा बरं बोलते. 'हर घर कुछ कहता है' ही रंगाची जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा आमच्या मातोश्रींनी स्वैपाकघराच्या पोपडे आलेल्या भिंतीकडे बघून डोळे पुसले होते. पण जरा आठवून बघा. रंग, सिमेंट, पंखा, गादी, कर्ज, विमा, डासांची अगरबत्ती, सगळ्या लोकप्रिय जाहिरातींत घर आधीपासून असतंच. डास घरात येतात. पाऊस खिडकीबाहेर पडतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो त्या चौकटीत मावतच नाही, आणि त्याला चौकटीबाहेर ठेवायची ही सवय आपण जाहिरातीतून उचलून पालिकेच्या फायलीत नेली, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा हवा? डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० चे पाहुणे आले तेव्हा जोगेश्वरीत वस्तीसमोर रातोरात पडदे उभे राहिले, त्यावर परिषदेचे फलक. २०१८ मध्ये फोर्टातल्या एका बँकेनं शाखेबाहेरच्या कट्ट्यावर कुणी बसू-झोपू नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकले होते. लोक बोलले तेव्हा काढले. पुलाखाली बाग होते, कुंड्या होतात, खांबांना दिव्यांच्या माळा होतात. यातल्या एकाही कामाचं नाव 'बेघर धोरण' नाही, पण धोरण हेच आहे: दिसू नका.

म्हणून सूचना. होर्डिंगचं शुल्क क्षेत्रफळावर आणि जागेवर ठरतं, फुटाफुटाचा हिशेब लागतो. त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा निवाऱ्यांसाठी वेगळा काढून ठेवा, कायद्यानं. बोला.

कॉपीवाला

एकोणीस वर्षं जाहिरात एजन्सीत काढली आहेत, तेव्हा पहिला दगड माझ्याकडून.

तुमचं ३२ आणि २८८ चं गणित टाळीचं आहे. आम्ही असली वाक्यं पैसे घेऊन लिहितो, म्हणून ओळखतो. उभ्या पत्र्यावर माणसं झोपत नाहीत. घाटकोपरचा प्रश्नही जाहिरातीचा नव्हताच. जागा रेल्वे पोलिसांची, पालिका म्हणते आम्ही परवानगी दिलीच नाही, आणि मापाच्या तिप्पट लांब-रुंद सांगाडा दिवसाढवळ्या उभा. तो परवानगीचा घोटाळा आहे. त्यात बेघर आणू नका.

सूचना तर धोकादायक आहे. निवारे होर्डिंगच्या पैशावर लटकवले की पुढच्या वर्षी काय होईल? 'गरिबांच्या निवाऱ्यासाठी' म्हणून प्रत्येक नाक्यावर नवा सांगाडा. विरोध केलात तर तुम्ही गरिबांचे शत्रू. आमच्या धंद्याला याहून चांगली भेट तुम्ही देऊ शकला नसता.

आणि उलटं करून बघा. ब्राझीलच्या साव पावलो शहरानं २००७ पासून बाहेरच्या जाहिराती बंदच केल्या. जवळजवळ सगळ्या. शहर स्वच्छ दिसायला लागलं, जगभर कौतुक झालं. पण शहराच्या मध्यभागी रस्त्यावर झोपणारे आजही आहेत. फलक लावल्यानं कुणी बेघर होत नाही आणि काढल्यानं कुणाला घर मिळत नाही.

सातवा मजला

कॉपीवाल्यांशी सहमत, कारणं वेगळी.

माझी आई ७८ वर्षांची आहे. ती रोज सकाळी देवळात जाताना फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालते, कारण फुटपाथवर संसार मांडलेला असतो. चूल, बादल्या, वाळत घातलेले कपडे. मागून बस येते. तिच्या चौरस फुटांचा हिशेब कुणी करायचा? फुटपाथ चालायला असतो हे म्हटलं की लगेच आम्ही असंवेदनशील. फुटपाथवाल्यांच्या त्या प्रसिद्ध निकालातच लिहिलंय ना, की फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाही नाही? मग संपलं.

शिवाय किती निवारे बांधणार? जेवढे बांधाल तेवढे लोंढे येतील.

उपरा

सगळे बाहेरून आलेले, हे कुणी मोजलं? फुटपाथवर जन्मून फुटपाथवरच आजी झालेल्या बायका भायखळ्यात आहेत. त्या कुठल्या लोंढ्यातल्या?

काळा कोट

सातवा मजला, निकाल संपला नाही, अर्धा वाचलात.

जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवाल्यांना हटवून आपापल्या गावी धाडायचं जाहीर केलं. त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, निकाल १० जुलै १९८५, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ असतं, त्याला तिथून उपटलंत तर त्याचं काम जातं. दोन, तरीही फुटपाथवर कायम राहायचा हक्क कुणाला नाही, पालिका रीतसर नोटीस देऊन हटवू शकते. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबा असंही सांगितलं.

वकिलीच्या वर्गात पहिला भाग शिकवतात. वॉर्ड ऑफिसात दुसरा पाठ असतो. तुमचा दोष नाही.

अजून एक. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं स्थानबद्ध, पुन्हापुन्हा सापडला तर दहापर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली ही शिक्षेची कलमं रद्द केली. आपल्याकडे नाहीत झाली. आणि त्या कायद्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत, उघड चरितार्थाचं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा माणूसही बसतो. म्हणजे ज्याला झोपायला जागा नाही आणि आज नाक्यावर काम मिळालं नाही, तो भीक न मागताही त्यात सापडू शकतो. धागाकर्त्यांनी धोरण जाहिरातीतून आलं म्हटलंय. मला ते पटत नाही. धोरण पोलिसी कायद्यातून आलंय, जाहिरात नंतर आली.

गल्लीबोळ

काळा कोट, मान्य, कायदा आधीचा. पण १९५९ च्या कायद्याला लाज नव्हती, तो उघड म्हणायचा 'उचला'. आता तेच काम 'सुशोभीकरण' म्हणून होतं. या दुसऱ्या शब्दाला विरोध कसा करायचा सांगा. कुंड्यांविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

कॉपीवाले, नव्या सांगाड्यांचा मुद्दा बोचला. विचार करतोय.

चकाट्या

आधी जागा पकडून ठेवतो. (५० चौरस फूट पुरे.)

रात्रपाळी

तीन वर्षं एका निवाऱ्यात रात्रीचं काम केलं आहे, म्हणून लिहिते. फार शिकलेली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

धागाकर्ते दादा, तुम्हाला त्या बाईच्या पोरांच्या तोंडावरचा उजेड दिसला आणि वाईट वाटलं. ती तिथे त्या उजेडासाठीच झोपते हो. अंधारात बाई माणसाला झोप लागत नाही, हात कुठून येईल सांगता येत नाही. होर्डिंगचे दिवे रात्रभर असतात, खाली लोखंड असतं दोरी बांधायला, गाडी चढली तर आधी खांबाला आपटेल. आमच्याकडे येणाऱ्या बायका जागा निवडताना हे सगळं बघतात. तुम्ही फ्लॅट घेताना बघता तसंच. ते होर्डिंग उद्या काढलं तर तिची सगळ्यात चांगली जागा जाईल.

आता निवाऱ्यात लोक का येत नाहीत. सगळे म्हणतात दारू पिता येत नाही म्हणून. तसे असतात काही. पण जास्त वेळा कारण असं असतं, की नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको बायकांच्या, आणि मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला कुठे ठेवायचं यावरून वाद. कुटुंबाला एकत्र घेणारे निवारे अगदी थोडे. सामानाचं काय? एका बाईकडे गजऱ्याची टोपली, स्टोव्ह आणि शिलाई मशीनचा वरचा भाग होता. मशीन ठेवायला जागा नाही म्हटल्यावर ती गेली. आणि काम. दादरच्या फुलबाजारात पहाटे हजर व्हायचं तर झोपायला दादरच हवं. योजनेच्या कागदावर लिहिलेलं आहे की निवारा कामाच्या ठिकाणाजवळ हवा. पण रिकामी इमारत जिथे सापडते तिथे निवारा होतो.

सातवा मजला

ताई, तुमचं ऐकून घेतलं. एक खरं सांगतो, इथं नाव नाही म्हणून.

आमच्या गल्लीत पालिकेचं एक बंद पडलेलं समाजमंदिर आहे. तिथे निवारा करायचं घाटत होतं. सोसायट्यांनी मिळून निवेदन दिलं, 'परिसराची सुरक्षितता' वगैरे. दुसरी सही माझी आहे. मला त्या लोकांचा द्वेष आहे असं नाही. पण फ्लॅट घेताना बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आमची गल्ली छापली होती. दोन झाडं, एक सायकलवाला, बाकी रस्ता रिकामा. मी वीस वर्षांचं कर्ज काढलंय ते त्या रिकाम्या रस्त्याचंही. आता ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाचा, क्यूआर कोड असतो, चटई क्षेत्र किती ते मोबाइलवर दिसतं. खाली कोण झोपतं ते कुठल्याच कोडात नसतं. तर धागाकर्त्यांचा मुद्दा, जाहिरातीमुळे डोळ्यांना सवय लागते, हा माझ्यापुरता खरा आहे. पण म्हणून मी सही मागे घेईन असं नाही. विकायला गेलो तर भाव पडेल, ते पैसे कोण देणार?

उपरा

म्हणजे फुटपाथवर झोपू देणार नाही आणि समाजमंदिरातही झोपू देणार नाही. मग आईला फुटपाथ मोकळा मिळणार कसा?

सातवा मजला

दुसरीकडे व्हावा निवारा. सगळं आमच्याच गल्लीत का?

उपरा

दुसऱ्या गल्लीचा सातवा मजला हेच म्हणतोय.

कॉपीवाला

या भांडणातून एक गोष्ट सिद्ध होते, आणि ती माझ्या बाजूची आहे. अडचण पैशाची नाही. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. एवढ्यात शंभर निवारे चालवायला जाहिरातीचा वाटा वेगळा काढावा लागत नाही. अडचण जागेची आहे आणि त्या जागेभोवतीच्या मतदारांची. ५७ हजार माणसांना माणशी ५० फूट धरले तर साधारण २८ लाख चौरस फूट होतात, जेमतेम ६५ एकर, तेही सगळे तळमजल्यावर झोपवले तर. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची १२० एकर बागेसाठी घेतली तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं का?

(धागाकर्ते, बघा, मलाही गणिताची लागण झाली.)

चकाट्या

म्हणजे बागेऐवजी निवारे? मॉर्निंग वॉकवाले तुम्हाला जिवंत सोडणार नाहीत.

कॉपीवाला

बागेऐवजी नाही हो. जागा नसते असं जे सांगतात ते खोटं, एवढंच.

जुना परळकर

सत्तरी ओलांडली आहे, लांबण लागेल.

आमच्या लहानपणी परळ-लालबागला फुटपाथवर झोपणारे नव्हते असं म्हणणार नाही. गर्मीत अर्धी चाळ बाहेरच पथारी टाकायची. पण कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार बेघर नसायचा. गावकीची, म्हणजे एकाच गावच्या लोकांची मिळून, खोली असायची. एका खोलीत वीस-पंचवीस जण, तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा. डोक्याशी ट्रंक, खिळ्याला सदरा. जेवायला खानावळ, तिथं काकू म्हणून हाक मारायची, महिन्याच्या बोलीवर. त्याला घर म्हणता येत नव्हतं, पण झोपायला हक्काची जागा होती, आणि पगारात परवडायची.

१९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या. त्या जमिनींचं काय झालं ते तरुणांना माहीत नसेल. १९९१ च्या विकास नियमावलीत होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करा, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं होतं ती वाटणीतून बाहेर. पालिका आणि म्हाडाच्या ताटात काय पडलं ते विचारू नका. तिथेच आज टॉवर आहेत आणि त्या टॉवरांचीच होर्डिंगं माहीमच्या कॉजवेवर.

तेव्हा माझं म्हणणं तुम्हा दोघांहून वेगळं आहे. निवारा निवारा काय लावलंय? निवारा म्हणजे दानधर्माचा मामला, रात्री या, सकाळी उठा, नियम पाळा. फुटपाथ आणि फ्लॅट यांच्या मधल्या पायऱ्याच आपण तोडून टाकल्यात. भाड्याची खाट, गावकीची खोली, कामगारांचं वसतिगृह. नाक्यावर उभा राहणारा गवंडी फुकट मागत नाहीये. त्याला परवडेल अशी खाट या शहरात कुणी भाड्यानं देत नाही, कारण त्यात नफा नाही आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

गल्लीबोळ

काका, दंडवत. माझ्या सूचनेपेक्षा ही बरी आहे. फक्त एक शंका. खोलीत पंचवीस जण झोपायचे त्याची आता आठवण गोड वाटते, पण त्यात बायका नव्हत्या. रात्रपाळीताईंच्या निवाऱ्यात मशीन घेऊन आलेली बाई त्या गावकीत कुठे बसली असती?

जुना परळकर

नसती बसली. बायका गावाला असायच्या आणि मनीऑर्डरची वाट बघायच्या. खरं आहे.

काळा कोट

परळकरकाका, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कागदोपत्री फुटपाथवासीही पात्र आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. अट तारखेची. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा दाखवा तर घर फुकट, नंतर ती सवलत पैसे भरून २०११ पर्यंत वाढवली. आता फुटपाथवर दर पावसाळ्यात सामान वाहून जातं किंवा पालिकेची गाडी उचलते, त्यात पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद कुठून राहणार? ज्याच्याकडे कपाट आहे त्याच्याकडेच पुरावा असतो.

आणि न्यायालयाकडून फार आशा धरू नका. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेघरांच्या याचिकेत म्हटलं की सगळंच सरकार देऊ शकत नाही, त्यांनीही देशासाठी काम करावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवाऱ्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात विचारणा झाली की फुकट वाटून आपण परजीवींचा वर्ग तयार करतोय का. २०१० चा आदेश देणारंही हेच न्यायालय.

सातवा मजला

बरोबरच आहे की. काम करावं.

रात्रपाळी

दादा, कोण करत नाही काम? पहाटे तीनला उठून माशांच्या टोपल्या उचलतात, हॉलवर लग्नाची भांडी घासतात, भंगार वेचतात, तुमच्या इमारतीच्या पायाचे खड्डे खणतात. तुमच्या ब्रोशरमधला रस्ता रिकामा होता ना, तो रोज सकाळी झाडणाऱ्यांतही दोघं आमच्याकडे झोपायची.

सातवा मजला

ठीक आहे. शब्द मागे घेतो. सही नाही.

पण मला सांगा, नगरसेवक माझं ऐकतो कारण सोसायटीत दोनशे मतं आहेत. हे लोक मतदार तरी आहेत का? पत्ताच नाही तर नाव यादीत येणार कसं?

रात्रपाळी

येतं. फॉर्म ६ भरायचा. बेघर असेल तर पत्त्याचा कागद लागत नाही. रोज कुठे झोपता ते लिहायचं, आणि मग मतदान केंद्राचे अधिकारी रात्री येऊन बघतात की माणूस खरंच तिथे झोपतो का. एकदा नाही, जास्त वेळा येतात.

धागाकर्ते दादांनी लिहिली तशीच एक बाई आहे, तिचा फॉर्म मी भरला. पत्ता काय लिहायचा यावर अर्धा तास गेला. ती म्हणाली, साबणाच्या होर्डिंगखाली. मी लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघते तर साबण गेलेला, मोबाइल आलेला. ती घाबरली, म्हणाली आता साहेब कुठे शोधतील मला. मग वर बघितलं तर कोपऱ्यात पालिकेच्या परवान्याचा नंबर रंगवलेला होता. तो बदलत नाही म्हणाले तिथले लोक. नवीन फॉर्म घेतला आणि पत्त्यात तो नंबर घातला.

अधिकारी आले होते, रात्री साडेबाराला. पण लग्नसराई होती, ती हॉलवर भांडी घासायला गेलेली. पोरं झोपलेली होती, त्यांना उठवलं नाही त्यांनी. पुन्हा येतो असं शेजारच्या म्हातारीला सांगून गेलेत. तिनं दोन रात्रींची कामं सोडली आहेत आणि तिथेच बसून आहे.